तिची परात आणि माझा कटर

पिस्टन काढून तळहातावर घेतला आणि मी आधी त्या माणसाच्या तोंडाकडं पाह्यलं. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते, मांजरानं बोचकारल्यासारखे. माणसाच्या तोंडावर काहीच नव्हतं. ज्याच्या तोंडावर काहीच नसतं त्याचा मला जास्त संशय येतो.

“पेट्रोलात ऑईल टाकलं व्हतं?”

“टाकलं न बाबा.”

“कोन्तं?”

“तुमी सांगतलं तेच.”

“किती?”

“तुमी सांगतलं तेवढंच. मापानं.”

इतकं सरळ कोणी बोलत नाही. घरून पाठ करून आला असणार, असं मी धरून चाललो. हा माणूस लोकांच्या बांधावरच्या वाळलेल्या बाभळी कापून देतो. लाकूड कापायच्या साखळीच्या मशीनीला आमच्याकडं कटर म्हणतात. त्याचा कटर स्वस्तातला, चायनाचा, कोणीतरी वापरून टाकलेला. मीच त्यात नवा पिस्टन टाकून, आवाज लावून दिला होता. आता नवा पिस्टनही गेला.

या इंजिनाला ऑईल पाजायची वेगळी जागा नसते. पेट्रोलात मिसळलेलं ऑईल पेट्रोलाबरोबर आत जातं, तेवढंच त्याच्या नशिबात. पेट्रोल कमी गेलं की ऑईलही कमी जातं. मग पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि सिलिंडरला धरून बसतो. मशीन चालू करायची रस्सी ओढून तुमचा खांदा निखळेल, पण मशीन हलणार नाही.

अशी परत आलेली ही पहिली मशीन नव्हती. त्या हंगामात माझ्या हातून गेलेल्या मशीनी एकामागून एक जळून परत येत होत्या. आधी कधी येत नव्हत्या. म्हणजे कोणीतरी काहीतरी करत होतं. कोण, तेवढंच शोधायचं राह्यलं होतं.

मी शाळा चौथीत सोडली. पुढं रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा ठेकेदाराच्या टोळीत झाडं पाडायला होतो. तिथं एक कटर बंद पडला. ठेकेदारानं त्याला लाथ मारली आणि नवा आणला. लाथ मारलेला मी पोत्यात घालून घरी आणला. तीच माझी जुनी मशीन. रंग कोणता होता ते आता सांगता येत नाही. मागची मूठ फुटली होती, तिला ट्रॅक्टरच्या नळीचा तुकडा चढवला. त्या मशीनीवरच मी सगळं शिकलो. खोलायची, धुवायची, लावायची, चुकलं की परत खोलायची. बायको तिला सवत म्हणायची. “सवतीले झोपवलं का? मंग या जेवाले,” अशी हाक यायची.

लोक म्हणतात, जुन्यात काय ठेवलंय, नवी घ्या. असं म्हणणाऱ्याला दुकानदाराकडून काही मिळतं का ते आधी पाहावं. जुनी मशीन जड असते, पण एका पेचकसानं पूर्ण उघडते. तिच्यात लपवलेलं काही नसतं. नव्या मशीनीच्या स्क्रूवर टोपणं बसवून देतात, हात लावू नका म्हणून. टोपण बसवणाऱ्याला काय झाकायचं असतं ते त्यालाच माहीत. साखळीला कानशीनं नीट धार लावली तर जुन्या मशीनीचा भुसा पोह्यासारखा पडतो. पिठासारखा पडला तर समजावं, धार गेली, आता ती कापत नाही, नुसती घासते. माझ्या जुनीचा भुसा अजून पोह्यासारखा पडतो.

पण तिचा पिस्टन आता कुठं मिळत नाही. अमडापूरचा पार्टवाला म्हणाला, मिळत नाही. तो खोटं बोलतो का ते पाहायला मी चिखलीला गेलो. तिथंही मिळत नाही म्हणाले. म्हणजे ही एकदा जळली की संपली.

आता आवाज लावणं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मशीनीच्या पोटात कारबेटर असतो. पेट्रोल किती जाऊ द्यायचं ते त्याच्यावरचा एक बारीक स्क्रू ठरवतो. सैल केला तर पेट्रोल जास्त जातं, मशीन धूर टाकते, घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखी भकभक करते. कसत गेलं की आवाज मोकळा होतो, चढतो, बारीक होतो. तो बारीक आवाज ऐकायला गोड लागतो, आणि तिथंच माणूस फसतो. बारीक आवाजात मशीन पळते खरी, पण कोरडी पळते. थोडी भकभक राहू द्यायची. साखळीची पट्टी लाकडात घुसली की ती भकभक आपोआप जाते. तिथं स्क्रू सोडायचा.

मी अंगणात आवाज लावत बसलो की बायको आत चुलीपाशी असायची. मशीन जरा चढली की ती उलथन्यानं परात वाजवायची. ठण ठण ठण. “झालं न आता! गळा काढून राह्यली ते!” मला वाटायचं, हिला मशीनीचा आवाज सोसत नाही. सवत म्हणते तर सवतीचा राग असणारच. घरात भांडण नको म्हणून परात वाजली की मी स्क्रू तिथंच सोडायचो आणि मशीन बंद करायचो. वर म्हणायचो, “बाईच्या जातीले दम निंगत नाई.”

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. ताप आला, बुलढाण्याला नेली, आणि तिकडून आणली ती झाकूनच. विहारातल्या बायांनी पुण्यानुमोदनाचा स्वयंपाक केला. कणीक तिच्याच परातीत मळली. सगळं आटोपल्यावर परात घरी आली तर तिच्या काठाला पोचा पडलेला. कोणी पाडला विचारलं तर सगळ्या एकमेकींकडं पाहायला लागल्या. अजून कोणी सांगितलेलं नाही. मी विसरलेलो नाही.

त्यानंतर घर गप्प झालं. सुरुवातीला मी काम बंद ठेवलं. मग लोक मशीनी आणून टाकायला लागले, तेव्हा परत बसलो. आता कोणी मधेच ठणठण करत नव्हतं. मनासारखा, पूर्ण चढेपर्यंत आवाज लावता येत होता. मी म्हणायचो, आता खरं काम होतंय. आणि तेव्हापासूनच मशीनी जळून यायला लागल्या.

मी एकेकाला धरलं. बाभळीवाल्यानं ऑईल चोरलं असेल. पण बाकीचे? ते सगळे एकाच वेळी चोर कसे झाले? मग पेट्रोल पंपावर संशय गेला. बाटलीत पेट्रोल आणून ठेवलं, तळाशी पाणी बसतं का पाहात राह्यलो. बसलं नाही. मग शेजाऱ्यावर गेला. त्याच्या गच्चीवरून माझं अंगण दिसतं. मी बाहेर गेलो की हा उतरून स्क्रू फिरवत असेल. त्याला मशीनीतलं काही कळत नाही, पण बिघडवायला कळावं लागत नाही.

मुलीवर सुद्धा गेला. ती जालन्याकडं दिलेली आहे. फोन करायची तर आधीसारखं बोलायची नाही, कुजबुजायची.

“हळू काऊन बोलतेस? कोन हाय बाजूले?” मी विचारायचो.

ती काहीतरी म्हणायची. मग नवरा फोन घ्यायचा आणि ओरडायचा. मला वाटलं, दोघं मिळून काहीतरी झाकताहेत. घर विकायचं बोलत असतील.

जुन्या मशीनीला मात्र काही झालं नव्हतं. तीच तेवढी धड चालत होती. तिच्या स्क्रूला बायको गेल्यापासून मी हात लावला नव्हता, गरजच पडली नव्हती. पण माझ्या मशीनी बिघडवणारा तिच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागणार? घरात कुलूप लागणारी वस्तू एकच होती, बायकोची लोखंडी पेटी. साड्या काढून गादीवर ठेवल्या आणि मशीन पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला बांधली.

शेवटी उरला पार्टवाला. अमडापूरच्या बाजारात त्याचं दुकान आहे, फवारणी पंपाचं आणि कटरचं सामान विकतो. आमची ओळख जुनी. मी त्याला भाई म्हणतो, तो मला भाऊ. ईदला त्याच्या घरून शीरखुर्मा यायचा, उन्हाळ्यात आमच्या घरून कुरड्या जायच्या. पण पिस्टन सगळे त्याच्याच दुकानातले. जळणाऱ्या सगळ्या मशीनीत सारखी गोष्ट हीच एक होती.

मी जळालेले पिस्टन थैलीत भरले आणि बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकं उभी असताना, त्याच्या काउंटरवर ओतले.

“हे घे तुह्यं सोनं! डुप्लिकेट माल इकतो बे तू मले? मले?”

गिऱ्हाइकं मागं सरकली. त्यानं चष्मा लावला. एकेक पिस्टन उजेडाकडं धरून पाह्यला. काहीच बोलला नाही. पिस्टन थैलीत भरून माझ्या हातात दिले.

“बोलत काऊन नाई? चोरी सापडली म्हनून?”

त्याचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही. मी समजलो, आवाज फुटत नाही याचा. चोराचा फुटत नसतो.

घरी आलो आणि हिशोब चुकता झाला असं वाटलं. पण त्याच आठवड्यात पेटीतून जुनी मशीन काढून ओढली, तर ती चालू होऊन लगेच मरायला लागली. खोलून पाह्यली. कारबेटरच्या आत पातळ रबरी पडदा असतो, तो पेट्रोल ओढून आणतो. तो वाळक्या पानासारखा कडक झाला होता. नवा टाकावा लागणार. आणि नवा पडदा टाकला की आवाज परत लावावाच लागतो, स्क्रू हलवावाच लागतो. पडदाही पार्टवाल्याच्याच दुकानातून आणावा लागणार, म्हणजे बाकीच्या मशीनींचं जे झालं ते हिचंही झालं असतं. मशीन तशीच उघडी समोर ठेवून मी बसून राह्यलो.

तेव्हा पार्टवाला आला. स्कूटर भिंतीला टेकवली, बाजेवर बसला, खिशातून एक नवा पिस्टन काढला.

“त्या बाभळीवाल्याच्या मशीनीत हा टाक. माह्यासमोर,” तो मोठ्यानं म्हणाला. “हाबी जळला तं दुकानात येऊन माह्या तोंडावर थुक.”

मी टाकला. त्याची नजर माझ्या हातावर होती आणि माझी त्याच्यावर. रस्सी ओढली, मशीन चालू झाली. स्क्रू कसत गेलो. भकभक कमी झाली. अजून कसला. आवाज चढायची वाट पाहात होतो, तो गोड बारीक आवाज अजून आला नव्हता. अजून थोडा कसला. तेवढ्यात त्यानं बाजेवरून उठून माझं मनगट धरलं आणि मशीन बंद केली.

“काऊन धरला हात?”

“किती वेळचा बस बस म्हनून राह्यलो! मशीन किंचाळून राह्यली भाऊ!”

“तू काईच बोलला नाई.”

“तीनदा बोललो. तुह्या शेजाऱ्यानं गच्चीवरून डोकावून पाह्यलं, इतक्या जोरानं बोललो.”

मी वर पाह्यलं. शेजारी खरंच डोकावत होता. (तो तसाही डोकावतोच.)

“मशीन किंचाळली नाई,” मी म्हणालो. “किंचाळली असती तं मले कळलं असतं.”

तो खाली बसला. टोपी काढली, परत घातली. मग माझ्या कानाजवळ येऊन बोलला.

“भाऊ, बारीक आवाज तुले कवाचाच ऐकू येत नाई. मशीनीनं कान खाल्ले तुह्ये. तू आवाज येईपर्यंत कसत राह्यतो, अन् आवाज येतच नाई. मंग मशीन जळते.”

“मंग आदी काऊन जळत नव्हत्या?”

“आदी वैनी परात वाजवत व्हत्या.”

मी म्हणालो, ती रागानं वाजवायची.

“रागानं नाई. मी इथं बसलो व्हतो एक डाव, कुरड्या न्याले आलो व्हतो. तू आवाज लावून राह्यला व्हता. वैनी दाराआड उभ्या राहून ऐकत व्हत्या, कान देऊन. भकभक जायाले लागली का बराबर परात. मी म्हटलं, वैनी, हे काय? तं म्हनल्या, यांचे कान गेले, पन नाक अजून वर हाय. सांगू नका भाई. मी हाय न.”

दुसरा कोणी असता तर रडला असता. मला राग आला. खरं सांगतो. इतके दिवस मी सगळ्यांवर संशय घेत होतो, पंपावर, शेजाऱ्यावर, पोटच्या पोरीवर, आणि लपवत होती ती ही दोघं. माझ्या घरात, माझ्या पाठीमागं. म्हणजे माझा संशय खोटा नव्हताच, फक्त चुकीच्या दारात उभा होता.

“जाय तू,” मी त्याला म्हणालो. “दोघंबी एकाच माळेचे मणी.”

तो गेला. जाताना बाजेवर एक छोटी पुडी ठेवून गेला. उघडली तर जुन्या मशीनीचा पडदा. उघडी मशीन त्यानं आल्या आल्या पाह्यली असणार, आणि असे पडदे त्याच्या स्कूटरच्या डिकीत असतातच.

पडदा हातात होता, पण मी तो टाकला नाही. आता मला कळलं होतं की जुनीचा स्क्रू कुठं उभा आहे. तिनं शेवटची परात वाजवली तेव्हा मी जिथं सोडला तिथं. बाकी सगळ्या मशीनीत मी माझ्या बहिऱ्या कानानं हात घातला होता, या एकीत नव्हता घातला. म्हणून ही वाचली. घरातल्या तिच्या बाकीच्या वस्तू लोकांनी हलवल्या. साड्या मी हलवल्या, परातीला बायांनी पोचा पाडला. तिनं ठेवलेलं जसंच्या तसं हे एवढंच उरलं होतं, नखाएवढ्या स्क्रूची एक चीर, जराशी तिरपी.

हलवला नाही तर मशीन मेलेलीच राहणार. हलवला तर तिचं ते जाणार, आणि मी लावला तर मशीनही जाणार.

बाजूच्या गावात वादळानं कडुलिंब पडला होता, कोणाच्या तरी गोठ्यावर. मला बोलावणं आलं. मी म्हणालो, मशीन बंद आहे. तो माणूस कुऱ्हाड घेऊन परत गेला. मी दाराशी उभा राहून त्याची पाठ पाहात होतो. बायको असती तर म्हणाली असती, “सवतीले पेटीत बसवून पूजा करता का तिची?”

मी खिळ्यानं स्क्रूच्या बाजूला, धातूवर एक बारीक रेघ मारली, त्याच्या चिरेच्या बरोबर समोर. मग पडदा टाकला. मशीन पोत्यात घातली, परात काखेत धरली, उलथनं खिशात खोचलं आणि अमडापूरच्या रिक्षात बसलो.

“बाबा, परात इकाले काढली का?” रिक्षातल्या एका बाईनं विचारलं.

“वाजवाले,” मी म्हणालो. ती दुसरीकडं सरकून बसली.

बाजारचाच दिवस होता. दुकानावर गिऱ्हाइकं होती, त्यातले काही मागच्या वेळचेच. मला पाहून ते आधीच मागं सरकले. मी परात काउंटरवर ठेवली.

“घे. वाजव.”

“दुकानात?”

“तू बस म्हनतो ते मले ऐकू येत नाई. परात येते.”

हे मी सगळ्यांसमोर म्हणालो. हळू म्हणालो की मोठ्यानं ते मला माहीत नाही. सगळे गप्प झाले म्हणजे मोठ्यानंच म्हणालो असणार. पार्टवाल्यानं माझ्याकडं पाह्यलं, मग परातीकडं.

“वैनीची परात मी कसा वाजवू भाऊ?”

“उलथन्यानं.”

एक गिऱ्हाईक हसलं. मग तोही हसला आणि परात घेऊन बाहेर आला. दुकानासमोर मी मशीन मातीवर ठेवली, पायानं दाबली, रस्सी ओढली. दोनदा फुसकली आणि मग धरली. धूर निघाला, भकभक सुरू झाली. तेवढं मला ऐकू येत होतं. पेचकस लावला आणि रेघेवरून स्क्रू हलवला.  

कसत गेलो. भकभक पातळ झाली. माझ्या कानाला तर पुढं काहीच येणार नव्हतं. मी त्याच्याकडं पाहातही नव्हतो. पाह्यलं असतं तर त्याच्या तोंडावरून ओळखायला गेलो असतो, आणि तोंडावर माझा भरवसा नाही.

ठण ठण ठण.

मी पेचकस उचलला.

मशीन बंद केली आणि वाकून पाह्यलं. स्क्रूची चीर रेघेपासून ज्वारीच्या दाण्याच्या नाकाएवढी बाजूला होती. तेवढीच. तिथल्या वखारीचं एक बाभळीचं खोड पडलं होतं, ते मागून घेतलं. पट्टी आत घुसली, भकभक गेली, हाताला मशीन भरीव लागली. भुसा पोह्यासारखा उडून गिऱ्हाइकांच्या चपलांवर पडला.

पार्टवाला म्हणाला, “झालं?”

“थांब.”

मी प्लग खोलला. कोरडी जळणाऱ्या मशीनीचा प्लग पांढरा पडतो, जास्त पेट्रोल पिणारीचा काळा. हा खारकेच्या रंगाचा निघाला. रुमालानं पुसून परत पाह्यला, उन्हात नेऊन.

“अजून संशय हाय माह्यावर?” तो म्हणाला.

“हाय. घाई केली तू थोडी. तुह्यी वैनी अजून जरासं चढू देत व्हती.”

“तं मंग पुढच्या डाव तिलेच आन,” तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर परातीकडं पाह्यलं. मी प्लग परत बसवला. एका गिऱ्हाइकानं फवारणी पंपाचा नोझल मागितला तेव्हा तो आत गेला.

बाहेर येताना परात घेऊन आला. माझ्या हातात द्यायच्या आधी काठावर बोट ठेवलं.

“भाऊ, हा पोचा मी नाई पाडला हा. आधीच सांगून ठेवतो.”

“मले माईत हाय,” मी म्हणालो. “तो इहारातल्या बायांनी पाडला. पन कोनी, ते सांगून नाई राह्यल्या.”

बाभळीवाल्याची मशीन पुढच्या बाजारी आणतो म्हणालो. उलथनं त्याच्याकडंच ठेवलं. परात नाही ठेवली, ती मी माझ्यासोबत परत आणली.